वडनेरची रस्सीखेच आणि ठरलेला जावई

जावयाला सासरी मान असतो, असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याची सासुरवाडी वडनेरची नसणार. माझी आहे, म्हणून खरं काय ते मी सांगू शकतो. वडनेरला जावयाला मान असतो, पण तो माघातल्या सामन्यांपर्यंत. त्या दिवशी संध्याकाळी मान काढून ठेवायचा, कमरेला टॉवेल गुंडाळायचा आणि वरणाची बादली उचलायची.

सामन्यांत कबड्डी असते, कुस्त्या असतात, पण खरी गर्दी जमते ती रस्सीखेचीला. दोराच्या एका टोकाला गावचे जावई, दुसऱ्या टोकाला गावचे साळे. गावातल्या कोणत्याही घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, असा तिकडचा हिशोब. जो संघ हरेल त्याने रात्रीच्या पंगतीत अख्ख्या गावाला वाढायचं. साळे हरले तर त्यांनी वाढायचं आणि जावयांनी पाटावर बसून बुंदी खायची. हे मी नुसतं ऐकून आहे. माझं लग्न झाल्यापासून साळे कधी हरलेच नाहीत.

हरतील कसे? ते कापसाची गाठोडी पाठीवरून बैलबंडीत फेकणारे लोक. आणि आमच्याकडे? मी वर्ध्याला एका विमा कचेरीत हेडक्लार्क. माझा साडू आदेश हिंगणघाटला औषधं विकतो आणि स्वतःच खातो. बाकीचे दोन मास्तर, एक तलाठी, असेच सगळे खुर्चीवाले. आमच्या संघात वजन कमी नाही हो, पण ते सगळं पुढच्या बाजूला आणि दोर ओढायला लागतो मागच्या बाजूला.

तरी मी वर्षानुवर्षं सोसलं. पण गेल्या वर्षी तानबाने कहर केला. तानबा म्हणजे माझ्या बायकोचा चुलतभाऊ, साळ्यांचा कप्तान. माझ्या लग्नात याने माझे बूट राखले होते, इतका साधा पोरगा. पंगतीत मांडी घालून बसला आणि भरल्या लोकांत मला बोट दाखवून म्हणतो, "ओ जवाई, इकडे या ना. तिकडेच काय घुटमळून राह्यले?" आजवर मी 'जवाईबापू' होतो. त्या दिवशी त्यातला बापू गेला. सासरे वासुदेवराव शेजारीच बसले होते, त्यांनी आपल्या पत्रावळीकडे पाहत मान खाली घातली. रात्री घरी येताना मी छायाला सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी जिंकलो नाही तर तुझ्या माहेरी पाय ठेवणार नाही." ती म्हणाली, "ठेवा का नका ठेवू, आधी गाडीचा लाईट लावा."

या वर्षी दिवाळीपासूनच तयारीला लागलो. आणि वर्ध्यात तुम्ही एखादी गोष्ट करायला घेतली की अख्खी कॉलनी तुमच्या मदतीला येते, तेच चुकतं. समोरच्या शोभाबाईंनी डिंकाचे लाडू सांगितले. ते खाऊन पोट आणखी पुढे आलं. वरच्या मजल्यावरच्या हेमराजने सांगितलं, "काका, दोर कायले तरी बांधा आन् रोज ओढा." मी कॉलनीच्या लोखंडी फाटकाला बांधला आणि रोज पहाटे ओढू लागलो. एके दिवशी माझ्यात ताकद आल्याचं मला जाणवलं, कारण फाटक निघून माझ्या अंगावर आलं. कॉलनीच्या सेक्रेटरीने नोटीस लावली. त्यात माझं नाव नव्हतं, 'काही बेजबाबदार वयस्कर सभासद' असं होतं. मला बेजबाबदार म्हटल्याचं काही वाटलं नाही. वयस्कर लागलं.

शेवटी सदाशिवराव आले. हे आमचे शेजारी. सगळी नोकरी कोर्टात पेशकार म्हणून काढली, त्यामुळे कायद्याची फट त्यांना दुरून दिसते.

"नियम काय आहे तुमच्या खेळाचा?" त्यांनी विचारलं.

"दोरावर गावचे जावई पाहिजेत."

"लग्न झालेलाच पाहिजे असं कुठे म्हटलं आहे?"

तसं कुठेच म्हटलेलं नव्हतं.

"मग ज्याचं ठरलं आहे तोही जवाईच झाला ना! माहा भाचा चंदन न्या. जिम चालवते तो. ठरलेला जवाई म्हणून उभा करा. खेळ झाला की सोयरीक मोडली म्हणून सांगा. सोयरिकी काय, रोज मोडतात."

चंदनला पाहिलं आणि माझ्या मनातली उरलीसुरली नीतिमत्ता गळून पडली. दारातून आत यायला तो आधी एक खांदा आणायचा, मग दुसरा. मनगट माझ्या मांडीएवढं. स्वभाव मात्र गाईचा, आणि एक अडचण अशी की पोराला खोटं बोलता येत नाही. तोंड उघडलं की खरंच बाहेर पडतं. म्हणून मी त्याला एकच शिकवलं, "कोणी काही विचारलं तर नुसतं हसायचं."

"बरं काका," तो म्हणाला आणि हसला. हसणं छान होतं.

छायाला मी तो ऑफिसातला नवीन पोरगा आहे, सामने पाहायला येतो, असं सांगितलं. गाडीत तो माझ्या शेजारी बसला तेव्हा गाडी त्या बाजूला कलली आणि वडनेरपर्यंत तशीच गेली.

मैदानाच्या तोंडाशी समितीचं टेबल होतं आणि टेबलामागे महादेवराव. हे गृहस्थ समितीचे अध्यक्ष कधी झाले ते कोणाला आठवत नाही, आणि त्यांना उठवायचं कसं तेही कोणाला माहीत नाही.

"हे कोन?" त्यांनी चंदनकडे पाहून विचारलं. वरपर्यंत पाहायला त्यांना चष्मा सावरावा लागला.

"गावचे जावई. म्हणजे, ठरलेले."

"असं? कोनाच्या घरचे?"

हा प्रश्न येणार हे एखाद्या लहान लेकरालाही कळलं असतं. सदाशिवरावांनी कायद्याची फट दाखवली, पण पोरगी कोणाची सांगायची हे त्यांनीही सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. गावातल्या दुसऱ्या कोणाच्या पोरीचं नाव घेतलं तर जीवानिशी जायचो. आपल्या घरातलं नाव घ्यावं, नंतर घरातल्या घरात निस्तरता येईल, असा विचार मी केला. याला विचार म्हणायचं का, हा प्रश्न छायाने मला नंतर बरेचदा विचारला आहे.

"आमच्या मोहिनीला," मी म्हणालो.

मोहिनी माझी धाकटी साळी. समुद्रपूरला एका शाळेत खेळाची बाई आहे. शाळेच्या कामामुळे ती यंदा येत नाही असं छाया म्हणाली होती, त्या भरवशावर मी बोललो.

महादेवरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मलाच शंका आली.

"मोहिनीले? अन् आज पंच कोन हाय, माईत हाय का तुमाले? मोहिनीच! पंचाची परीक्षा पास झाली म्हने. पोट्ट्यांनी हट्ट धरला का आपल्याच गावची पंच पायजे. मी म्हनत होतो, पोरीबाळीच्या हाती शिट्टी नका देऊ. आयकलं नाई कोनी. आता पाहू काऊन नाई आयकत!"

मी 'तसं नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण महादेवराव आता थांबणार नव्हते. "नवा जवाई असला का सासूनं येऊन वळखावा लागते. बोलवा आनंदाबाईले," त्यांनी फर्मान सोडलं.

हा वडनेरचा जुना दंडक. नव्या जावयाला सासूने टेबलाशी येऊन 'हा माझा' म्हटल्याशिवाय दोराला हात लावू देत नाहीत. सासूबाई आल्या. त्यांनी चंदनला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी हळूच म्हणालो, "आई, नंतर सांगतो सगळं." त्यांना वाटलं, सोयरीक कशी जमवली ते नंतर सांगतो. मोहिनीने आलेली सगळी स्थळं नाकारली होती आणि माउली त्या काळजीने खंगली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी येवढा पोरगा पाह्यलाच नाई, बाप्पा! कोन्या गावचे तुमी?"

चंदन हसला.

"आई-बाप हायेत ना?"

चंदन आणखी हसला.

"लाजून राह्यला. संस्कारी हाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्याला ओवाळायला कुंकवाची ताटली आणायला पळाल्या.

तेवढ्यात महादेवरावांनी भोंग्यावरून गावभर जाहीर केलं की वासुदेवरावांच्या मोहिनीची सोयरीक जमली असून जमवणारे वर्ध्याचे मोठे जावई आहेत. डफडं वाजायला लागलं. गर्दीतून माझे सासरे आले. आयुष्यात माझ्याशी 'कसे आहात' याच्यापलीकडे न बोललेला माणूस. त्यांनी भर मैदानात मला मिठी मारली. "जवाईबापू," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं तर लांबून छाया माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं कळलं होतं. बायकोला कळलं की नवऱ्याला ते पाठीतूनही समजतं.

आणि मग मोहिनी स्कूटीवरून आली. पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. पहिल्या म्हातारीने तिच्या गालावरून बोटं मोडली, दुसरीने हातात साखर ठेवली. ती बिचारी पंच झाल्याचं कौतुक समजून सगळ्यांच्या पाया पडत टेबलापर्यंत आली.

"शिट्टी काढून ठेव, बेटा," महादेवराव गोड आवाजात म्हणाले. "नवरा दोरावर अन् बायको शिट्टीवर, असं चालन काय?"

"कोनाचा नवरा?"

महादेवरावांनी बोट दाखवलं. चंदन, कपाळभर कुंकू, हसत होता.

मोहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला मंडपाच्या मागे नेलं आणि जे आहे ते सांगितलं. ती चिडेल, रडेल, असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "जिजाजी, पयला सामना हाय माहा. म्हनून घरात कोनाले सांगतलंही नवतं मी, तुमा सगळ्याइले एकदम दाखवाचं होतं. आज माही शिट्टी गेली तं या गावात पुन्हा मले कोन उभं करन?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो खरं." ती म्हणाली, "तुमी आता काईच नका सांगू. लय झालं." आणि जाऊन तिने माइक हातात घेतला.

"महादेवकाका म्हनतात, पंचाच्या नात्यातला मानूस दोरावर चालत नाई. मले मंजूर हाय. मंग नियम सगळ्याइले लावू. तानबादादा माहा चुलतभाऊ. बाहेर. त्याच्या मांगचा आतेभाऊ. बाहेर. गावचे आठही गडी माहे कोनी ना कोनी भाऊच लागतात. सगळे बाहेर. आदेश जिजाजी बाहेर, वर्ध्याचे जिजाजी बाहेर, सगळेच जिजाजी बाहेर. राह्यला कोन? हे एकटे. काऊन का हे माहे कोनीच नाईत."

"अवं, काय बोलून राह्यली!" सासूबाई ताटली घेऊन ओरडल्या.

मोहिनी चंदनसमोर जाऊन उभी राहिली. "दादा, माहं नाव काय हाय, सांगा बरं."

ठरलेल्या नवऱ्याला भोंग्यावरून 'दादा' म्हटल्यावर खरं तर सगळं तिथेच संपलं होतं. पण चंदन हसला. लोक वाट पाहत होते. तो पुन्हा हसला. माझ्याकडे पाहिलं. मी आकाशात घारी पाहत होतो.

"मॅडम," तो म्हणाला.

त्यानंतर वडनेर जे हसलं, ते समुद्रपूरला ऐकू गेलं असेल. मी हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही, पण सासऱ्यांकडे पाहिलंच. ते हसत नव्हते. बांधावर जाऊन एकटेच बसले होते.

महादेवरावांना मात्र पेच पडला. नात्याचा नियम धरला तर दोराला हात लावायला गावात माणूस उरत नव्हता. "नात्याचं राहू दे," ते पुटपुटले. "घे, वाजव शिट्टी."

"वाजवतो," मोहिनी म्हणाली. "पन दोरावर जवाई पायजे, हा नियम हाय ना? हे जवाई नाईत. बाहेर." चंदन मुकाट्याने बाहेर झाला. आमचे सात उरले. मग मोहिनीने आमच्या बाजूची जमीन पाहिली. आमच्याकडची काळी माती कोरडी असली की दगड, ओली झाली की लोणी. आमच्या पायाखाली लोणी होतं.

"पानी कोनं टाकलं?"

"धूळ बसावी म्हनून," तानबा म्हणाला.

"फक्त जवायाच्याच बाजूची धूळ उडते काय?" आणि तिने दोर हातात धरून दोराच्या शेवटापर्यंत चालायला सुरुवात केली. साळ्यांच्या मागे, मंडपाच्या कनातीआड, दोराचं टोक एका ट्रॅक्टरच्या हुकाला बांधलेलं होतं. आता मला कळलं, इतकी वर्षं आपण कोणाला ओढत होतो. मोहिनीने गाठ सोडली आणि तानबाला बाहेर काढलं. सात विरुद्ध सात. दर खेचीला बाजू बदलायची. खाली बसायचं नाही, दोर बगलेत दाबायचा नाही.

पहिली खेच त्यांनी घेतली. दुसरी आम्ही घेतली! शप्पथ सांगतो, आम्ही घेतली. ट्रॅक्टर नसला की साळेही माणसंच असतात. आदेश आनंदाने मला मिठी मारायला आला आणि आम्ही दोघेही चिखलात पडलो. तोवर सगळेच पडून झाले होते, सगळ्यांचे पार्श्वभाग सारखेच काळे.

तिसरी खेच. मी सगळ्यात मागे, शेवटचा गडी. दोर असा ताणला की हलेना. मग हळूहळू आम्ही पुढे सरकायला लागलो, मधला लाल फडका त्यांच्याकडे निघाला. माझ्या तळव्यांची सालं निघत होती, पोटऱ्या थरथरत होत्या. सगळं मैदान त्या फडक्याकडे पाहत होतं. मी बसलो. घसरलो नाही, बसलो. टाचा रोवल्या आणि आहे नाही ते सगळं वजन जमिनीला टेकवलं. दोर थांबला. तेवढ्यात पुढच्यांना दम आला, साळ्यांचा दम तुटला, मी उठलो आणि आम्ही फडका अलीकडे आणला.

जिंकलो! जावई नाचायला लागले. आणि शिट्टी वाजली.

"फाऊल. जवाई खाली बसले. खेच गावाची."

"कोन बसलं?" आदेश ओरडला.

"वर्ध्याचे जिजाजी."

मग जो गोंधळ झाला! आदेश म्हणाला, आपलीच साळी आपल्यालेच बुडवून राह्यली. तलाठी म्हणाला, आम्ही हा निकाल मानत नाही. महादेवरावांनी माइक ओढून घेतला. "हे पाहा! मी म्हनलं होतं! सोयरिकीचा राग जिजाजीवर काढून राह्यली. म्हनून पोरीच्या हाती शिट्टी देऊ नोये." निकाल गावाच्या बाजूने होता, तरी लोक माना डोलवायला लागले. कोणीच काही पाहिलं नव्हतं. आणि राग असायला कारण तर सकाळी मीच दिलं होतं.

मोहिनी माझ्यासमोर आली. शिट्टी मुठीत घट्ट धरलेली. आवाज मात्र सरळ होता. "जिजाजी, तुमी बसलते का नाई?"

आदेशने माझ्या कमरेला चिमटा काढला. "म्हना ना, नाई!"

एक 'नाही' म्हटलं की झालं. तानबा टॉवेल बांधून बादली घेऊन माझ्यापुढे उभा, मी पाटावर. कोणाला कधी कळलं नसतं. सकाळपासून इतकं खोटं पचवलं होतं, आणखी एक काय जड होतं! तोंड उघडलं सुद्धा. पण ती पोरगी माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी खरं बोलणार हे तिला माहीतच होतं. माझ्यावर असा विश्वास आजवर कोणी ठेवला नाही, छायानेही नाही, आणि बरोबरच आहे.

"बसलतो," मी म्हणालो. शहरातली भाषा त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. "साफ बसलतो. पोरीनं बरोबर पाह्यलं."

आदेश त्यानंतर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. जावयांनी एकेक करून टॉवेल गुंडाळले. चंदन कोणाचाच जावई नसल्यामुळे पाहुणा ठरला आणि पहिल्या पंगतीत सासूबाईंच्या शेजारी बसला. मी त्याला भात वाढत होतो आणि तो हसत होता. त्याला हसणं थांबव म्हणून सांगायला मी विसरलो होतो.

महादेवराव हात धुवायला जाताना मोहिनीजवळ थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "उद्या कबड्डीची फायनल हाय," ते म्हणाले. "सकाळीच येजो. शिट्टी घेऊन."

"येतो, काका," मोहिनी म्हणाली. "पन मैदान मी आधी पाहीन."

आता रांगेत पुढे सासरे होते. मी त्यांना टाळून पलीकडे सरकणार, तेवढ्यात त्यांनी बादलीची कड धरली. त्या फजितीनंतर पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू, माह्या पोरीचं नाव असं बाजारात मांडलं तुमी. हे मी विसरनार नाई."

"हो, मामाजी."

"पन चारचौघात तिची शिट्टी खरी केली, थेही विसरनार नाई." त्यांनी बादली सोडली आणि पत्रावळ पुढे केली. "वाढा. गावात पंच झाली माही पोरगी, आज पोटभर जेवतो."